सोन्याची कॅप आणि जुनी चांदी समोरासमोर आल्यावर तोंडात करंट का लागतो?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: आईच्या खालच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे, वरच्या दाढेवर नुकतीच सोन्याची कॅप बसवली, आणि तेव्हापासून दात मिटले की झिणझिणतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते. सोन्यात भेसळ असेल का?

मी जळगावात दातांच्या लॅबमध्ये कॅप ओततो. आपल्या सराफ्याच्या गावात संशय आधी सोन्यावरच जातो, पण सोनं चोख असलं तरी हे होतं. लाळेत क्षार असतात. दोन वेगळे धातू तिच्यात भिजून एकमेकांना टेकले की सेल तयार होतो आणि वीज वाहते. सोनं तसंच राहतं, गंजते ती चांदी. तीही नावालाच चांदी: वजनाने साधारण निम्मा पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. जुन्या भरणीत कथील आणि पाऱ्याचं जे संयुग बनायचं, ते सर्वांत आधी गंजतं. पुढे तांबं वाढवलेली मिश्रणं आली, त्यांत ते जवळजवळ बनतच नाही. आईची भरण जुनी म्हणता, म्हणून मला तिचाच संशय येतो. लोणच्यासारखं आंबट-खारट खाल्लं की गंजणं वाढतं.

बऱ्याचदा धातूवर थर धरला की काही दिवसांत झिणझिण्या आपोआप कमी होतात. नाही झाल्या, तर डॉक्टरांकडून चांदी काढून दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घ्या, कॅप काढायची गरज नाही. पण पाऱ्याच्या धास्तीने तोंडातली सगळीच चांदी उकरून काढू नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

मात्र चावताना कळ येत असेल, तर कॅप उंच आहे का, दात तडकलाय का, हे आधी पाहायला सांगा. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर त्यानेही तोंडाला धातूची चव येते.

आणखी एक, पुढच्या कॅपसाठी. स्वस्त धातूची कॅप बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमची असते. क्रोमियमच्या पातळ थरामुळे ती टिकते, पण खोट्या दागिन्यांनी आईचे कान चिघळत असतील तर निकेल नकोच. डॉक्टरांना हे आधीच सांगा, आणि धातूचं नाव बिलावर लिहून मागा. लॅबकडे ते असतंच.