ग्रंथालयाच्या अ‍ॅपवर ईबुकसाठी आठवडेच्या आठवडे रांग का असते? फाइलच तर आहे!

फाइल आहे, पण ती ग्रंथालयाच्या मालकीची नाही. मी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकखरेदीचं काम करते, त्यामुळे तिथलं सांगते.

छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की आमचं झालं. विकलेल्या प्रतीचं पुढे काय होतं यावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच ठरवलंय. शंभर जणांना द्या, शिवण सुटली तर बांधून घ्या, शेवटी जुन्या पुस्तकांत विकून टाका. ईबुकचा मात्र फक्त परवाना मिळतो, आणि अटी प्रकाशकाच्या. बहुतेक मोठ्या प्रकाशकांची अट अशी, की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तुमची रांग इथून सुरू होते.

मग जास्त परवाने घ्या ना? नव्या कादंबरीचं ईबुक तुम्हाला १५ डॉलरच्या आसपास पडतं. ग्रंथालयाला ५५-६५ डॉलरसुद्धा मोजावे लागतात. आणि हे परवानेही कायमचे नसतात. हार्परकॉलिन्सने २०११ साली एक परवाना २६ वेळाच वाचायला देता येईल अशी मर्यादा घातली. पेंग्विन रँडम हाऊसने २०१८ मध्ये आणि हॅशेटने २०१९ मध्ये दोन वर्षांची मुदत आणली. मुदत संपली की कोणी वाचलेलं असो वा नसो, पुस्तक यादीतून गायब.

प्रकाशक म्हणतात, छापील प्रत झिजते, ईबुक झिजत नाही, आणि घरबसल्या फुकट मिळालं तर विकत कोण घेणार? लेखकाला पैसे मिळायलाच हवेत, हे मलाही मान्य आहे. पण या मुदतीचा खरा फटका कमी खपाच्या पुस्तकांना बसतो. गाजलेल्या कादंबरीचा परवाना आम्ही पुन्हा घेतोच. वर्षातून दोघंतिघं वाचतात त्या पुस्तकासाठी पुन्हा ६० डॉलर कुठून आणायचे? छापील असतं तर ते कपाटात वाट बघत राहिलं असतं. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये प्रकाशकांनी ग्रंथालयांना रास्त अटींवर ईबुकं द्यावीत असा कायदा केला होता. कॉपीराइट हा केंद्राचा विषय म्हणून न्यायालयाने तो पुढच्याच वर्षी रद्द ठरवला.

रांगेत असाल तर छापील प्रतही शोधा, ती बऱ्याचदा आधी मिळते. तुमच्या ग्रंथालयाकडे हूपला हे अ‍ॅप असेल तर तिथे थांबावं लागत नाही. मात्र प्रत्येक वेळचे पैसे ग्रंथालय भरतं, म्हणून महिन्याला ठरावीकच पुस्तकं मिळतात. आणि लिबी या ग्रंथालयाची ईबुकं वाचायच्या अ‍ॅपवर पुस्तक आधी वाचून झालं तर मुदतीची वाट न बघता लगेच परत करा, मागच्याचा नंबर त्याच दिवशी लागू शकतो.