जंतू तोच, मग काहींचेच दात का हलतात?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या दाढांभोवतीचे हाड झिजल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. दंतवैद्य म्हणाले की याला कारणीभूत असणारा जंतू निरोगी माणसांच्या तोंडातही सापडतो. मग त्रास काहींनाच का होतो? जंतूच्या जनुकांत फरक असतो का, आणि तो तपासून घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फरक असतो, आणि कधी कधी तो फार महागात पडतो. कोवळ्या वयात पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांभोवतीचे हाड झपाट्याने झिजते, तेव्हा ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स (या नावाचा उच्चार करताना निरोगी दातांचीही परीक्षा होते) हा जिवाणू वारंवार सापडतो. तो ल्युकोटॉक्सिन नावाचे विष तयार करतो. हे विष पांढऱ्या पेशींवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून पेशीच्या आवरणाला भोके पाडते, त्यामुळे जंतूंना गिळायला आलेल्या न्यूट्रोफिल पेशीच मरतात. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मरताना इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य सोडतात, ज्याने हाड झिजण्यास चालना मिळते. म्हणजे नुकसानाचा काही भाग आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या हातून होतो.

या जिवाणूच्या जेपी२ नावाच्या वाणात, विषाच्या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या भागातून डीएनएच्या ५३० जोड्यांचा तुकडा गळालेला आहे. विष तेच राहते, पण त्याच्या निर्मितीवरचा लगाम सुटल्याने ते कितीतरी पटींनी अधिक तयार होते. मोरोक्कोतील किशोरवयीन मुलांना दोन वर्षे तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा जिवाणू मुळीच नसलेल्या मुलांच्या तुलनेत त्याचे इतर वाण बाळगणाऱ्यांना हिरड्यांचा आधार सुटण्याचा धोका सुमारे ३ पट, तर केवळ जेपी२ बाळगणाऱ्यांना सुमारे १८ पट आढळला. नुसते जिवाणूचे नाव कळून फारसे का भागत नाही, हे या दोन आकड्यांवरून लक्षात यावे. मात्र हा वाण मुख्यत्वे उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या लोकांत आढळतो, त्यामुळे आपल्या मुलाच्या तोंडात तोच असेल असे गृहीत धरू नये.

प्रौढांच्या पायोरियात महत्त्वाचा मानला जाणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसही असाच बहुरूपी आहे. त्याच्या काही वाणांवर शर्करेचे जाड कवच असते आणि त्यामुळे पांढऱ्या पेशींना ते गिळणे अवघड जाते. काहींवर ते नसते. पेशींना चिकटण्यासाठी लागणाऱ्या तंतूंच्या जनुकाचेही अनेक प्रकार आहेत, आणि त्यांपैकी दुसरा प्रकार रुग्णांत अधिक, तर पहिला निरोगी व्यक्तींत तुलनेने अधिक सापडतो.

तरीही वाण हे एकच कारण नव्हे. व्यक्तीची आनुवंशिक ठेवण, मधुमेह, तंबाखू आणि दातांवर साचलेले किटण यांचाही वाटा असतो.

तपासणीबाबत माझे मत असे की घाई करू नये. वाण कोणताही निघाला तरी हिरड्यांच्या आतपर्यंत खोल सफाई करावीच लागते, आणि या वयातील झपाट्याच्या झिजेत गरज वाटल्यास दंतवैद्य तिच्या जोडीला प्रतिजैविके देतात. ती मनाने सुरू करू नयेत. त्यापेक्षा धाकटी भावंडे असतील तर त्यांच्या हिरड्या आताच तपासून घ्याव्यात, कारण हा जिवाणू लाळेवाटे घरातल्या घरात पसरतो आणि सुरुवातीला दुखत नसल्याने मुले तक्रार करत नाहीत.