वर्गणी ऐकण्याची भरली आहेस

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. न्यू जर्सीत राहून तू सिरियस एक्सएम या उपग्रह रेडिओची वर्गणी भरतोस, त्यावरचे जॅझचे कार्यक्रम निवेदनासकट ध्वनिमुद्रित करतोस आणि गेले वर्षभर ते चाळीसएक रसिकांना एका फोल्डरमधून देतोस. त्यांच्यातल्याच एकाने, यात प्रसारकाचे नुकसान होत नाही ना, असे विचारल्यापासून तुझ्या मनाची चलबिचल चालू आहे आणि मी ‘नाही’ म्हणावे ही इच्छा तुझ्या ओळीओळीतून दिसते. ते मी म्हणणार नाही. तू वर्गणी ऐकण्याची भरली आहेस, वाटण्याची भरलेली नाहीस.

तुझा हेतू चांगला आहे की नाही, यावर मी शब्द खर्च करत नाही. पैशासाठी तू हे करत नाहीस हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. चांगल्या हेतूने मीही हेच केले होते.

वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ भारतात वर्गणीवर ऐकू येत होता तेव्हा माझ्या मिरजेच्या घरी त्याचा संच होता. एशियास्टार उपग्रह 105 अंश पूर्व रेखांशावर, त्यामुळे अँटेना आग्नेयेच्या आभाळाकडे रोखून ठेवावी लागे आणि मध्ये झाड किंवा भिंत आली की आवाज तुटे. मी त्या बाजूच्या खिडकीशी संच मांडला, शेजारी संगणक ठेवला आणि ‘गंधर्व’ या हिंदुस्थानी संगीताच्या वाहिनीवरचे जे जे आवडले ते सीडींवर उतरवून घेऊ लागलो. पुढे त्या सीडींच्या प्रती निघाल्या. अकरा घरी त्या जात असत आणि गावात संगीताची सेवा करतो आहोत, असे मला मनापासून वाटत असे.

तू लिहितोस की, तुझ्याकडून घेणारे तसेही वर्गणीदार झाले नसते. बहुतेकांबद्दल हे खरे असेल. माझ्या अकरांपैकी दहाजणांबद्दल ते खरेच होते. अकरावे एक निवृत्त शिक्षक होते. सांगलीला जाऊन ते संचाची किंमत विचारून आले होते, पैसेही बाजूला ठेवले होते. त्याच सुमारास मी त्यांना पहिल्या पाच सीडी नेऊन दिल्या. महिन्याभराने भेटले तेव्हा म्हणाले, “आता संच कशाला? तुमच्याकडून मिळतेच आहे.” मला त्या वेळी फार आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही मान खाली जाते. एक वर्गणीदार मी माझ्या हाताने परतवला होता आणि त्याला मी सेवा म्हणत होतो.

वर्ल्डस्पेस आमच्या सीडींमुळे बुडाले नाही. उपग्रह बांधून आकाशात सोडण्याचा खर्च आणि त्यासाठीचे कर्ज वर्गणीतून भरून निघण्याजोगे नव्हते. ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद झाली. हे कारण मी कितीतरी वर्षे स्वतःला ऐकवत आलो. पण संस्था कशाने बुडाली आणि मी तिचे काय नुकसान केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर त्या शिक्षकांच्या न घेतलेल्या संचात आहे.

तुझ्याकडचा हिशेब तर अधिक स्पष्ट आहे. वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांपोटी सिरियस एक्सएमला 2018 पासून वर्गणीच्या महसुलावर 15.5 टक्के दराने मानधन द्यावे लागते. साउंडएक्स्चेंज या संस्थेमार्फत त्याचे वाटप होते तेव्हा निम्मे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलावंताला आणि 5 टक्के साथीदारांना मिळतात. रक्कम महसुलाच्या प्रमाणात ठरते, म्हणजे एक वर्गणीदार घटला की त्या पाच टक्क्यांतला बासवादकाचा वाटाही घटतो. ज्या बासवादकाबद्दल तू मला पानभर लिहिलेस, त्याच्याबद्दल बोलतो आहे मी! एवढे प्रेम आहे तर त्याच्या वाट्याची काळजी दुसऱ्या कोणी का करावी?

ध्वनिमुद्रण करणेच वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. तिथे तुझ्या मनात उगीच गोंधळ झाला आहे. आपल्याकडे 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 39 प्रसारण स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी उतरवून घेऊ देते. कलम 37 प्रसारकाचा हक्क पुढच्या वर्षारंभापासून 25 वर्षे राखते, म्हणजे 2006 सालच्या प्रसारणावर तो 2031 अखेरपर्यंत राहतो. तुझ्या अमेरिकेत तर 2006 मध्ये, सिरियसशी एक होण्याआधी, एक्सएमने ‘इनो’ नावाचा खिशात मावणारा संच आणला होता. त्यात पन्नास तासांचे कार्यक्रम साठवता येत. ते संचाबाहेर काढता येत नसत आणि वर्गणी थांबली की वाजत नसत. तरीही ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी खटला भरला, तो मला अतिरेक वाटला. पण प्रसारकाने स्वतः आखलेली रेघ नीट बघ: ठेव, ऐक, पुन्हा ऐक. वाटण्याची मुभा तिथेही नव्हती.

जुने कार्यक्रम पुन्हा लागत नाहीत, तू जपले नाहीस तर ते नाहीसे होतील, हा तुझा एकच मुद्दा मला खरोखर जड जातो. वर्ल्डस्पेस बंद झाल्यावर माझ्या कपाटातल्या सीडींकडे बघून मीही हेच म्हणालो. त्या मी टाकल्या नाहीत, टाकणारही नाही. मात्र त्या दिवसापासून एकही प्रत घराबाहेर गेलेली नाही. तीस वर्षांपासूनचा एक मित्र मारवा रागाच्या एका ध्वनिमुद्रणासाठी माझ्याशी बोलेनासा झाला, तरी दिली नाही. तू याला हेकेखोरपणा म्हणशील. म्हण. जपणे आणि वाटणे यांची सरमिसळ करून मी एकदा स्वतःला फसवले आहे. दुसऱ्यांदा फसवायचे नाही. जपायचे ते जप, तारीख आणि कलावंतांची नावे नीट नोंदवून ठेव. ज्याला ऐकायचे त्याला घरी बोलाव, चहा पाज, शेजारी बसवून ऐकव.

फोल्डर या आठवड्यात बंद कर. चाळीसजणांना कारण लपवू नकोस, सरळ कळव. वाहिनीला पत्र लिहून जुन्या कार्यक्रमांची परवानगी माग. मिळणार नाही असे आधीच ठरवून न लिहिणे हा आळस आहे आणि तो मला तुझ्यात चालणार नाही. तुझ्यामुळे ज्यांनी वर्गणी घ्यायची टाळली असे दोघे-तिघे असतीलच. ते कोण, हे तुला नेमके ठाऊक असेल. त्यांच्याशी स्वतंत्र बोल.

दिवाळीत मिरजेला येशील तेव्हा तो मारवा ऐकू. दुपारची झोप झाली की कपाट उघडतो आणि दिवेलागणीपर्यंत आपण दोघे बसू. प्रत मात्र मागू नकोस.

तुझा,
काका