जुनी टॅक्स डिमांड मागे ठेवून परदेशी निघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात कॅनडाला निघताय, आयकराच्या पोर्टलवर असेसमेंट वर्ष 2016-17 ची (म्हणजे 2015-16 च्या कमाईवरची) 18,640 रुपयांची डिमांड, म्हणजे थकलेल्या कराची मागणी, दिसतेय, त्या वर्षी नोकरी बदलली होती, आणि मित्र म्हणतायत की एकदा विमानात बसलं की कोण विचारतंय!

मी 2014 पासून जर्मनीत आहे. मीही हेच म्हणत विमानात बसलो होतो, आणि खरंच पाच वर्षं कुणी विचारलं नाही. 2019 साली मात्र रिफंड जवळजवळ निम्माच आला. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय. मालक अनिवासी असला की भाडेकरूला 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो, त्यामुळे दरवर्षी रिटर्न भरून रिफंड मागणं आलंच. रिफंडाची उरलेली रक्कम माझ्या 2013-14 च्या डिमांडपोटी वळती झाली होती. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 245 खाली तसं करण्याआधी कळवतात. मलाही कळवलं होतं, पण पोर्टलवर माझा ईमेल होता जुन्या कंपनीचा, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडलेली.

घोळही त्याच कंपनीचा. शेवटचे चार महिने पगारातून टॅक्स कापला आणि सरकारकडे भरलाच नाही. 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, ते महिने कोरे. अशा वेळी कलम 205 आपल्या बाजूने असतं: कापला गेलेला टॅक्स पुन्हा नोकरदाराकडे मागता येत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाने 2015 मध्ये अधिकाऱ्यांना तसं लेखी बजावलं आहे, आणि अशा डिमांडपोटी रिफंडही वळता करता येत नाही असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. पण टॅक्स कापला गेला हे सिद्ध कुणी करायचं? आपणच. कंपनीने फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) दिलेला नव्हता, पगाराचं खातं मी निघताना बंद केलं होतं. शेवटी आईने माळ्यावरची ट्रंक उघडली. त्यात पगाराच्या स्लिपा आणि जुनं पासबुक निघालं. स्लिपेवरचा हातात येणारा आकडा आणि पासबुकातली जमा रक्कम रुपयाला रुपया जुळत होती. त्याच फोटोंवर डिमांड शून्य झाली. वेळ गेला चौदा महिने.

आता तुमचं. आधी त्या वर्षीचं 26एएस आणि दोन्ही फॉर्म 16 समोरासमोर ठेवा. टीडीएस कापलाय पण 26एएस मध्ये नाही, तर तुमची गोष्ट माझ्यासारखी. पण मला वाटतं तसं नसावं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली आणि नव्या कंपनीला आधीचा पगार सांगितला नाही, की दोन्ही कंपन्या अडीच लाखांची सूट आणि 80सी (गुंतवणुकीवरची वजावट) धरून टॅक्स कापतात. मग टॅक्स कमी पडतो आणि डिमांड खरी असते. तसं असेल तर भरून टाका. त्यावर महिन्याला 1 टक्का व्याज चालू असतं, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. सहा वर्षांचं व्याजच 13 हजारांच्या वर जातं. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने छोट्या जुन्या डिमांड सोडून दिल्या, पण 2011-12 ते 2015-16 साठी मर्यादा 10 हजारांची होती. तुमची वर्षानेही हुकली आणि रकमेनेही.

पोर्टलवर ‘डिमांड बरोबर आहे’ हा पर्याय घाईत दाबू नका. तो दाबल्यावर असहमती नोंदवता येत नाही. कलम 154 खाली दुरुस्ती मागायची चार वर्षांची मुदत तुमच्या बाबतीत बहुधा संपली असेल, तेव्हा असहमती नोंदवून कागद तुमच्या वॉर्डातल्या आयकर अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष नेऊन द्यायचे आणि पोच घ्यायची. हे काम टोरोंटोतून होत नाही असं नाही, पण रिक्षाने जाऊन होतं तितकं सोपं नाही. विमानतळावर अडवतील ही भीती काढून टाका. कर-मंजुरीचा दाखला गंभीर गैरव्यवहार किंवा 10 लाखांवरची थकबाकी असल्यावरच मागतात.

निघण्याआधी पोर्टलवर स्वतःचा ईमेल घाला, ऑफिसचा नको. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) करून घ्या, रिफंड त्यातच येईल. आणि भारतातलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावर येतात. माझं सिम आईच्या फोनमध्ये आहे. इथे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे साडेअकरा, ती चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची वेळ संपते, आणि दुसरा ओटीपी आला की विचारते, “आधीचा सांगू की आत्ताचा?”