वाचकांचे प्रश्न : ऑर्डरच्या फाइलमधले इंग्रजी

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप असून आम्ही कास्टिंग मशिनिंग करून पुरवतो. वडील सारा व्यवहार फोनवर ठरवत. आता पुण्याचे आणि एकदोन परदेशी ग्राहक सगळे ई-मेलवर मागतात. व्यापारी इंग्रजीची शब्दसूची आणून मी पाठांतर करतो, पण पत्र आले की शब्द ओळखीचे वाटतात आणि आपण नेमके काय कबूल करत आहोत ते कळत नाही. अभ्यास कसा करावा?

उत्तर : शब्दसूची तूर्त बाजूला ठेवा आणि पुरी झालेल्या एखाद्या ऑर्डरची फाइल काढा. एन्क्वायरी, कोटेशन, परचेस ऑर्डर, चलन, इन्व्हॉइस हे कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने वाचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी एवढेच विचारा, की या शब्दामुळे कोणाच्या अंगावर काय पडले. वर्णानुक्रमाने पाठ केलेल्या शब्दाला हा प्रश्न विचारता येत नाही, म्हणून तो ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

‘एस्टिमेट’ हा अंदाज असतो. ‘कोटेशन’ दिले की तो दर तुम्ही पाळाल असे ग्राहक धरून चालतो, आणि म्हणूनच त्याखाली ‘व्हॅलिडिटी’ची मुदत लिहितात. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव वरखाली होत असताना ही मुदत लांब ठेवू नये. परचेस ऑर्डर आली की ती कोटेशनशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहा, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते; दर किंवा मुदत बदलून आलेली ऑर्डर हा ग्राहकाचा नवा प्रस्ताव ठरतो, आणि त्यावर तुम्ही ‘कन्फर्म्ड’ असे लिहून पाठवले की बदललेल्या अटी तुम्हाला मान्य झाल्या.

‘नेट सिक्स्टी’ म्हणजे इन्व्हॉइसच्या तारखेपासून साठ दिवसांत पूर्ण रक्कम. येथे शब्द कळूनही पुरत नाही, कायदाही माहीत हवा : तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेली असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडची मुदत करारात लिहूनही चालत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. हे ग्राहकाला सौम्य शब्दांत कळवण्यास हरकत नाही.

सर्वाधिक गफलत होते ती परदेशी ऑर्डरमधल्या तीन अक्षरांत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने 1936 मध्ये प्रथम काढलेल्या ‘इन्कोटर्म्स’ म्हणजे मालाचा खर्च आणि जोखीम कोठवर कोणाची हे ठरवणाऱ्या नियमांची 2020 ची आवृत्ती सध्या चालते आणि तिच्यात 11 संज्ञा आहेत. ‘एक्स वर्क्स’ लिहिले तर माल उद्यमनगरातल्या तुमच्या दारात तयार ठेवला की तुमचे काम संपले. टेम्पोत चढवण्याची हमालीसुद्धा नियमाने ग्राहकाची. ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हटल्यास माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम तुमची. ‘सीआयएफ’मध्ये पोहोचीच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा तुम्ही भरता, म्हणून जोखीमही तिथपर्यंत आपलीच असे पुष्कळांना वाटते, प्रत्यक्षात जोखीम माल जहाजावर चढताच ग्राहकाकडे जाते. खर्च कोठवर आणि जोखीम कोठवर, हे दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत. कंटेनरमधून जाणाऱ्या मालाला ‘एफसीए’, म्हणजे ग्राहकाने नेमलेल्या वाहतूकदाराच्या हवाली माल करताच जोखीम ग्राहकाकडे, ही संज्ञा अधिक योग्य, कारण कंटेनर वाहतूकदाराच्या हवाली केल्यावर तो जहाजावर चढेपर्यंत तुमच्या ताब्यात नसतो. तरी सवयीने सगळे एफओबीच लिहितात.

रिजेक्शन झाल्यावर ग्राहक ‘डेबिट नोट’, म्हणजे नाकारलेल्या मालाची रक्कम तुमच्या नावे टाकल्याची चिठ्ठी, धाडतो. जीएसटीतील तुमचे करदायित्व कमी व्हायचे तर ‘क्रेडिट नोट’, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, मात्र माल पुरवणारे म्हणून तुम्हालाच काढावी लागते. ती मुदतीत काढण्यासाठी तुमच्या सीएंशी बोला.

प्रश्न : आमची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. बँकेला इंग्रजीत व्यवसायाची माहिती द्यायची आहे. ‘ट्रेडर’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : लिहू नये. ट्रेडर स्वतः माल विकत घेतो आणि नफातोटा त्याचा असतो. अडत्या शेतकऱ्याचा गूळ विकून देतो आणि त्याची कमाई अडतीची, म्हणून ‘कमिशन एजंट’ हाच शब्द योग्य. सौद्यानंतर शेतकऱ्याला तुम्ही जी हिशेबपट्टी देता, गुळाचे रवे (ढेपा) किती, दर काय, हमाली आणि तोलाई वजा जाऊन हाती काय, तिला व्यापारी इंग्रजीत ‘अकाउंट सेल्स’ म्हणतात. खरेदीदाराने पैसे बुडवले तरी शेतकऱ्याचे देणे तुम्ही स्वतःवर घेतले असेल, तर ‘डेल क्रेडेरे एजंट’ ही संज्ञा लागू पडते, आणि बँकेला ती आवर्जून सांगावी, कारण उधारी बुडण्याचा धोका त्या वेळी तुमच्याकडे असतो आणि कर्जाची मर्यादा ठरवताना बँक तेच पाहते.