भक्ती, उपासना, आराधना, वर्शिप : एकच का वेगवेगळं?

प्रश्न असा आलाय की ऑफिसमधला एक ख्रिस्ती मित्र रविवारी "भक्तीला चाललो" म्हणतो, त्याच्या चर्चच्या पत्रिकेवर "उपासना सकाळी ९ वाजता" छापलेलं असतं, त्याची कॉलेजमधली मुलगी "वर्शिप मस्त झालं" म्हणते, आणि त्यांचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणे सांगतात की तुमचं रोजचं काम हीच उपासना. मग या शब्दाचा नक्की अर्थ काय, आणि काम ही उपासना कशी?

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलोय, त्यामुळे थोडं घरचं आणि थोडं डिक्शनरीतलं असं मिसळून सांगतो.

आमच्याकडे "भक्ती" म्हणजे सरळ सरळ रविवारचा तो दीड तास. भक्ती भरते, भक्ती सुटते, अगदी शाळेसारखी. आजी खिडकीत बसून विचारायची "भक्ती सुटली का गं?" आणि शेजारच्या काकूंना पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं होतं की कुणाचा तरी देवावरचा विश्वासच उडाला :) बाकी मराठीत भक्ती ही मनातली गोष्ट, आमच्याकडे तिला टाइमटेबल आहे. पत्रिकेवर, बोर्डवर लिहायचं म्हटलं की तीच "उपासना" होते कारण लेखी भाषेला जरा इस्त्री लागते. आमच्या गाण्यांच्या पुस्तकाचं नावच "उपासना संगीत", त्यात रेव्हरंड टिळकांची (ना. वा. टिळक, १८६१-१९१९) बरीच पदं आहेत, आणि तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो, त्यामुळे भजन, अभंग, भक्ती हे शब्द आमच्याकडे पाहुणे नाहीतच. फक्त "पूजा" मात्र कुणी म्हणत नाही. मराठी बायबलात तो शब्द मूर्तिपूजेच्या जोडीला बसला आणि तिथेच अडकला.

कॅथलिक लोकांचं निराळं. त्यांचा मुख्य शब्द "मिस्सा", पोर्तुगीजांकडून आलेला, मूळ लॅटिन, विधीच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे वाक्य म्हणायचे त्यातला. म्हणजे नाव पडलं ते निघतानाच्या शब्दावरून! गोव्यात घरी संध्याकाळी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) "तेर्स" म्हणतात तेही पोर्तुगीजच. आणि त्यांच्या धर्मशास्त्रात एक बारीक फरक जपलेला आहे, आराधना फक्त देवाची, मारियेला (येशूच्या आईला) आणि संतांना मान, वंदन, पण आराधना नाही. बाहेरचे लोक इथे हमखास गोंधळतात. आता हाच "आराधना" शब्द नव्या चर्चेसमध्ये "स्तुती-आराधना" असा जोडीने येतो तेव्हा त्याचा अर्थ गिटार, ड्रम आणि अर्धा तास गाणी. तुमच्या मित्राच्या मुलीचं "वर्शिप" ते हेच. उपदेश सुरू झाला की वर्शिप संपलं. (वर्शिप झालं की झाली? दोन्ही ऐकलंय, मी "झालं" म्हणतो.)

आता मुळाकडे जाऊ, मजा खरी तिथे आहे.

उपासना म्हणजे उप अधिक आस्, जवळ बसणं. बस्स. त्यात गाणं नाही, विधी नाही, नुसतं जवळ जाऊन बसायचं. भक्ती "भज्" वरून, वाटा घेणं, वाटून घेणं, भाग आणि विभागणी त्याच घरातले. आणि संस्कृतात "भक्त" म्हणजे वाढलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ असाही अर्थ होता, त्यावरूनच आपला "भात" आला. म्हणजे भक्ती आणि भात सख्खे भाऊबहीण! प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या विधीला) भाकर मोडून सगळ्यांना वाटतात तेव्हा मला दरवेळी हे आठवतं आणि एकट्यालाच हसू येतं. इंग्रजी वर्शिपमध्ये "वर्थ" आहे, लायकी, मान, म्हणून तर विलायतेत मॅजिस्ट्रेटलाही "युवर वर्शिप" म्हणायची पद्धत होती, त्याची कुणी आरती करत नव्हतं.

बायबल मुळात संस्कृत, मराठी किंवा इंग्रजीतलं नाही, त्याचा जुना भाग हिब्रूतला आणि नवा ग्रीकमधला, त्यामुळे कामाच्या प्रश्नाचं उत्तर हिब्रूत शोधावं लागतं. तिथे शब्द आहे "अवोदा" आणि त्याचं क्रियापद "अवद". बायबलातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते मशागत करायला, तिथे हेच क्रियापद. पुढच्या निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मिसरी (इजिप्तचे) लोक इस्राएलांकडून मातीच्या विटांचं राबराब राबवून घेतात, तिथेही हेच. आणि तिसऱ्या अध्यायात देव इस्राएलांच्या पुढाऱ्याला, मोशेला सांगतो की तू लोकांना बाहेर काढलंस की या डोंगरावर तुम्ही माझी सेवा कराल, तिथेही तेच! शेतात खपणं, फारोची (मिसरच्या राजाची) गुलामी, देवाची उपासना, तिन्हीला एकच धातू. मग निर्गमची सगळी गोष्टच अशी वाचता येते की प्रश्न राबायचं की नाही हा नाहीच, कुणासाठी राबायचं हा आहे. आजच्या हिब्रूत अवोदा म्हणजे साधी नोकरी, कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांत लोक सकाळी डबा घेऊन अवोदालाच जातात.

लॅटिनमध्येही असंच, "कोलेरे" म्हणजे जमीन कसणं आणि देवाला भजणं दोन्ही, अ‍ॅग्रिकल्चरमधलं कल्चर तिथूनच आलं. आपल्याकडे शब्द असा जोडलेला नाही पण कल्पना आहे, सावता माळ्याला मळ्यातच विठोबा भेटला ना.

ग्रीकमध्ये नव्या करारात दोन शब्द जास्त महत्त्वाचे. एक वाकून नमन करण्याचा, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूला भेटायला येतात तिथे मराठीत "नमन" केलंय, आणि योहानाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी (शोमरोन भागातल्या) बाईशी बोलताना तोच ग्रीक शब्द येतो तिथे भाषांतरकारांनी "उपासना" वापरलाय. दुसरा "लात्रेइया", सेवा. रोमकरांस पत्र १२:१ मध्ये येशूचा प्रेषित पौल म्हणतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, आणि पुढे प्रचलित मराठी भाषांतरात आहे "ही तुमची आध्यात्मिक सेवा आहे". इंग्रजीत याच ठिकाणी बऱ्याच आवृत्त्यांत वर्शिप आहे. शरीरं म्हणतोय हं तो, आत्मे नाही. म्हणजे हातपाय, पाठ, डोळे, सोमवारी सकाळी लोकलमध्ये लटकतं ते सगळं. पाळक बहुतेक याच वचनावरून बोलले असणार.

पण अडचण अशी झालीय की मराठी ख्रिस्ती बोलीत सगळे शब्द आधीच वाटले गेलेत. भक्ती रविवारच्या दीड तासाने नेली, वर्शिप गाण्याच्या टीमने नेलं. राहिली "सेवा", तर ती पाळकांनी घेतली, "तो आता पूर्णवेळ सेवेत आहे" म्हणजे त्याने नोकरी सोडली! म्हणजे ज्या शब्दाचा मूळ अर्थच काम, तो काम सोडणाऱ्याला लागू होतो. मग नर्सबाईची नाइट शिफ्ट, मास्तरांचं पेपर तपासणं, आईचं पहाटेचं डबे भरणं याला उपासना म्हणायला शब्दच उरत नाही आणि पाळकांना दरवेळी पंधरा मिनिटं समजावून सांगावं लागतं.

मला विचाराल तर जुना "चाकरी" शब्द इथे चपखल बसतो, त्यात राबणंही आहे आणि कुणाचं तरी असणंही आहे. पण चाकरी म्हटलं की आता लोकांना फक्त पगार आठवतो, त्यामुळे तो चालेल असं वाटत नाही. "उपासना"च ठेवावा, फक्त जवळ बसणं या मूळ अर्थाने, कारण जवळ असणं कांदा चिरतानाही जमतं.

आणि मित्राला फोन करायचा असेल तर रविवारी अकरानंतर करा, साधारण तेव्हा भक्ती सुटते.