‘मिस’ करणे आणि चुकल्यासारखे वाटणे

‘मिस’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता आणि ‘मी तुला मिस करतो’ याऐवजी काय म्हणावे, असा प्रश्न आहे. सगळे अर्थ सांभाळणारा एकच शब्द सापडणार नाही. परंतु ‘चुकणे’ हे आपले क्रियापद त्याच्या फार जवळ जाते.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे असा होता, आणि कुणाची उणीव भासणे हा अर्थ त्याला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. (नावाआधी लागणारे ‘मिस’ निराळे, ते ‘मिस्ट्रेस’चे लघुरूप आहे.) मराठीतही नेम चुकतो, गाडी चुकते आणि घरातले माणूस परगावी गेले की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. दोन भाषांनी एकाच कल्पनेवरून हा अर्थ गाठावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

फरक आहे तो वाक्यरचनेत. इंग्रजीत माणूस कर्ता असतो आणि तो गाडी ‘मिस’ करतो. मराठीत गाडीच कर्ता होते आणि ‘माझी गाडी चुकली’ एवढे म्हटले की भागते. आठवणीचेही तसेच आहे: ती आपण करतो त्यापेक्षा आपल्याला येते. म्हणूनच ‘मी तुला मिस करतो’ हे वाक्य कानाला खटकते, कारण मनाला आपसूक जे होते, ते त्यात मुद्दाम केलेले काम होऊन बसते.

मुद्दाम केलेल्या गोष्टीसाठी मराठीत वेगळे रूप आहे. ‘तास चुकला’ म्हणजे उशीर झाला असेल, पण ‘तास चुकवला’ म्हणजे जाणूनबुजून बसला नाही. इंग्रजी ‘मिस’ हा भेद स्वतःहून दाखवत नाही, तो संदर्भावरून ओळखावा लागतो. संधी किंवा शतक यांच्या बाबतीत मात्र ‘हुकणे’ अधिक शोभते, कारण हाती येता येता निसटल्याची चुटपुट त्यात आहे. वस्तू किंवा कागद ‘मिसिंग’ असेल तर तो गहाळ, आणि माणूस बेपत्ता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. साध्या बोलण्यात ‘तुझी आठवण येते’ पुरेसे आहे. समारंभाला कुणी आले नसेल, तर ‘तुमची उणीव भासली’ म्हणावे. रोजच्या सहवासातले माणूस दूर गेले असेल, तर मात्र मी ‘तू नाहीस तर चुकल्यासारखे वाटते’ असेच लिहीन.